बॅटरी वॉरंटीत आहे, तरी सर्व्हिस सेंटर बदलून देत नाही. काय करावं?

मंडळी, मदत हवी आहे. गाडी पेट्रोल, दीड वर्षाची, वॉरंटी चालू. रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ नुसता टकटक करतो. ऑटोमॅटिक असल्याने धक्का मारायचीही सोय नाही. जंप स्टार्ट दिला की दिवसभर तक्रार नाही. सकाळी मल्टिमीटरवर ११.९ व्होल्ट येतात. फुल चार्ज बॅटरी १२.६ च्या आसपास हवी. इंजिन चालू असताना १४.२, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठीक दिसतो.

सर्व्हिस सेंटरवाले बॅटरी आधी चार्जिंगला लावतात, मग टेस्टरची ‘गुड’ अशी पावती हातात देतात. चार्ज करून तपासल्यावर दुसरं काय येणार? वर म्हणे, बॅटरीची वॉरंटी बॅटरी कंपनीची, आणि तुम्ही बाहेरून डॅशकॅम लावलाय. त्याची वायर काढून पाहिली, फरक शून्य.

गाडी लॉक असताना किती करंट खेचला जातोय, हे कुणी त्यांच्याकडून मोजून घेतलंय का? जॉबकार्डवर नेमकं काय लिहून घ्यावं? थेट बॅटरी कंपनीकडे गेलो तर गाडीच्या वॉरंटीला अडचण येते का? १९१५ ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करून कुणाला बॅटरी मिळाली असेल तर तेही सांगा.