कोल्हापूर पाहायचं म्हणजे अंबाबाई, रस्सा आणि चप्पल एवढंच का?

पंचगंगाकाठ (धागा सुरू करणारा):
गेल्या रविवारी पुण्याहून मावसभाऊ आला होता. सकाळी साडेनऊला उतरला. अंबाबाईचं दर्शन, दुपारी तांबडा-पांढरा, मग चप्पल, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ आणि रात्रीची गाडी. स्टँडवर निरोप घेताना म्हणाला, "चला, कोल्हापूर झालं." तेव्हापासून ते 'झालं' मनात टोचतंय, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं, की आलेल्या माणसानं या गावाला दोन दिवस द्यावेत आणि चित्रं, इमारती आणि तालीम या तीन वाटांनी गाव बघावं.

सुरुवात टाऊन हॉलच्या संग्रहालयापासून. ही इमारत मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुकाराच्या हातची, १८७० च्या दशकातली. पुढं १८८४ साली पुरा झालेला काळ्या दगडाचा नवा राजवाडाही त्याचाच. संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली पोसायडनची ब्राँझची मूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव, पंजात मावेल एवढा. पंचगंगेच्या काठाला रोमन व्यापाराचा माल पोचत होता हे शाळेत वाचलं होतं, पण त्या मूर्तीसमोर उभं राहिलो तेव्हा ते कळलं. मग आबालाल रहमान. जे. जे. मध्ये शिकलेला हा चितारी मुंबईत न रमता इथं परतला आणि रंकाळा, कोटितीर्थाचा तलाव, पंचगंगेचा काठ रंगवत राहिला. शाहू महाराज १९२२ मध्ये गेले, त्यानंतर त्यानं आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली, असं जुनी माणसं सांगतात. ती गोष्ट ऐकल्यावर मी कोटितीर्थावर जाऊन बराच वेळ बसलो होतो.

आता तालीम. बुडापेस्टला गेलेला माणूस तिथल्या गरम पाण्याच्या हमामात उतरल्याशिवाय परतत नाही. आपल्या गावाची शरीर कमवायची जागा तालीम आहे. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी ही नावं देशभर माहीत आहेत. मग तालमींनी पहाटेचा एक तास पाहुण्यांना खुला का करू नये? लोकांनी जोर-बैठका बघाव्यात, माती हातात घ्यावी आणि तिथून दूध कट्ट्यावर जाऊन समोर पिळलेलं म्हशीचं धारोष्ण दूध प्यावं.

माजी मल्ल:
दादा, चित्रांचं पटलं. तालमीचं अजिबात पटलं नाही.

मी आठ वर्षं तालमीत काढली. गाव शिराळ्याकडचं. पहाटे चारला उठून आधी हौदा, म्हणजे कुस्तीची मातीची जागा, खोऱ्यानं उकरायचा. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेलं असतं, म्हणून ती अंगाला खरचटत नाही आणि जखम चिघळू देत नाही. मग जोर, मग बैठका, मग जोडी धरायच्या. सगळं वस्तादांच्या नजरेखाली. तिथं बोलणंसुद्धा नेमकं असतं.

एकदा कुणीतरी पाहुणा दारात फोन धरून उभा राहिला. आत पंधरा वर्षांचं पोरगं लढत होतं. फोन दिसला तसं ते शड्डू ठोकायला लागलं, शिकवलेलं सोडून भलताच डाव टाकला आणि खांदा उतरवून घेतला. सहा महिने घरी. त्याचा खुराक बाप ऊसबिलातून काढत होता. बदाम, तूप, दूध यांचा महिन्याचा खर्च किती होतो ते एकदा कुठल्याही मल्लाच्या बापाला विचारा. त्या घरानं पैसा पोराच्या मेहनतीवर लावलेला असतो. बघ्यांसाठी लावलेला नसतो.

हमामात पाहुणा स्वतः पाण्यात उतरतो. तालमीत तो नुसता बघणार आणि पोरांनी स्वतःला बघू द्यायचं. त्यात फार फरक आहे.

गंगावेसची लेक:
तुम्ही दोघंही तालीम उघडायची का बंद ठेवायची यावर बोलताय. ती माझ्यासाठी कधी उघडीच नव्हती.

माझं माहेर एका तालमीला लागून. भिंत एकच. पहाटे मांडीवर पडणाऱ्या थापा ऐकून मी जागी व्हायची. घड्याळाची गरज पडली नाही कधी. दहा-बारा वर्षांची असताना भावाचा डबा घेऊन गेले, तर उंबऱ्यावरच हातातून डबा घेतला. "बाईमाणूस आत नको." आज चाळिशी ओलांडली, त्या भिंतीपलीकडं काय आहे ते मी पाहिलेलं नाही. आणि परगावच्या पाहुण्याला पहाटेचा एक तास द्यायचा? राग तालमीवर नाही, मला तिचा अभिमानच आहे. पण गावाची शरीर कमवायची जागा म्हणताना अर्धं गाव त्यात धरलेलं नाही, एवढं लक्षात घ्या.

माझ्यासारख्या बायकांची ती जागा रंकाळा आहे. साडेपाचला या. साडीवर बूट घातलेल्या आज्या, बाळंतपणानंतर चालायला लागलेल्या पोरी, गुडघे धरून पण फेरी पुरी करणाऱ्या काकू. पाणी उतरलं की तळ्यातला दगडी संध्यामठ वर येतो, त्याचे ओले खांब पहाटे जवळजवळ काळे दिसतात. वारा फिरला की केंदाळाचा, म्हणजे पाण्यावरच्या जलपर्णीचा, वास येतो तो सोसायचा. पाहुण्याला भेळ खायला संध्याकाळी नेता तिथंच सकाळी न्या. तिकीट नाही आणि कुणाची परवानगी नाही.

दगडवेडा:
मूळ धाग्यातल्या एका गोष्टीवर माझा आक्षेप आहे. त्यावर कुणीच बोललं नाही.

कला एकीकडं आणि अंबाबाईचं दर्शन दुसरीकडं, ही विभागणीच मला मान्य नाही. या शहरातलं सगळ्यात मोठं वास्तुशिल्प ते मंदिर आहे. रांगेत दोन तास उभा असलेला भक्त ज्या भिंतीला हात टेकतो, त्या काळ्या दगडावर योगिनी कोरलेल्या आहेत. खालचं दगडी बांधकाम जुनं आणि वरची शिखरं नंतरची, हे अंगणात उभं राहून मान वर केली तरी कळतं.

आणि किरणोत्सव! देवी पश्चिमाभिमुख. नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांना आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी पाय, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुखावर. एवढ्या लांबून, सभामंडप ओलांडून, गाभाऱ्याच्या अंधारात. बांधणाऱ्यानं सूर्याचा हिशेब दगडात बसवलाय. काही वर्षी किरणं वर पोचतच नाहीत, कारण वाटेत इमारती उठल्या. वास्तुकलेवर बोलायचंच असेल तर यावर बोलू या. आपण आपल्याच शहरात देवीच्या उजेडाच्या आड भिंती बांधल्या.

मँटचा राजवाडा मलाही आवडतो. दरबार हॉलच्या रंगीत काचांवरचे शिवचरित्रातले प्रसंग बघण्यासारखे आहेत. पण गुजरात-राजस्थानची घडण, इंग्रजी मनोरा आणि घड्याळ असा तो एका परक्या अधिकाऱ्यानं जुळवलेला मेळ आहे. सुरुवात त्याच्यापासून करायला नको.

नेर्ल्याचा प्रवासी:
आईला घेऊन वर्षातून एकदा येतो. तिचे गुडघे गेलेत, सुट्टी एकच मिळते. दर्शन झालं की ती गाडीत डोळे मिटून बसते आणि तिच्या तोंडावर जे समाधान असतं त्याला 'अर्धवट पाहणं' म्हणवत नाही. दोन दिवस सगळ्यांकडं नसतात.

पंचगंगाकाठ:
दगडवेडा, मंदिराबाबत माझं चुकलं. मी ते रोजचं म्हणून बाजूला ठेवलं, तसं करायला नको होतं. प्रवासी दादा, तुमच्या आईबद्दल माझ्या मनात काही नव्हतं, लिहिण्यात तसं आलं असेल तर माफ करा.

पण बघण्याचा माझा आग्रह मी सोडणार नाही आणि त्याला कारण आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी संगीत नाटकातले गायक-नट केशवरावांची जयंती. १९१५ चं पॅलेस थिएटर, शाहू महाराजांनी उभं केलेलं. मी रात्रभर तिथं होतो. लाकूड तडकल्याचा आवाज लांबपर्यंत येत होता, माणसं रस्त्यावर रडत होती. माझ्या शेजारी एक तरुण उभा होता, तोही रडत होता. बोलता बोलता म्हणाला, "आत कधी गेलो नव्हतो ओ." त्याच्या रडण्यात खोट नव्हती. पण असं व्हायला नको होतं. ज्यात आपण पाऊल ठेवलेलं नाही त्याची गळती, जुनी वायर, कुजलेली तुळई आपल्याला दिसणार कशी?

नाट्यगृहाला लागूनच खासबाग. १९०२ च्या युरोपवारीत महाराजांनी रोमचं रिंगण पाहिलं आणि १९१२ मध्ये आपल्याकडं बशीसारखं खोलगट मैदान केलं, शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसावी म्हणून. बघता यावं यासाठीच बांधलेली जागा आहे ती. तालमीची पहाट मी मागं घेतो. माजी मल्ल म्हणतात तो खांदा माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

माजी मल्ल:
मग मैदानाला आणा की लोकांना! तीच तर बघायची जागा. यात्रेच्या दिवसांत या भागात जाईल त्या गावात कुस्त्यांचं मैदान असतं. हलगी कडाडायला लागली की अंगावर काटा येतो. आधी बारक्या पोरांच्या जोडी, मग अंधार पडता पडता मोठी कुस्ती. जिंकलेला मल्ल मातीच्या अंगानं फेरी मारतो आणि म्हातारी माणसं धोतराच्या सोग्यातून नोट काढून त्याच्या हातात ठेवतात. तिथं पोरानं शड्डू ठोकावा, लोकांनी फोन धरावा. मेहनत आतली, लढत सगळ्यांची.

गंगावेसची लेक:
सगळ्यांची म्हणता, तर मैदानात बायकांनी बसायचं कुठं?

माजी मल्ल:
ताई, खरं सांगतो. आमच्या गावच्या मैदानात दोन वर्षं झाली, मुलींच्या जोडी लावतात. माझी पुतणी लढली. तिची आई शाळेच्या गच्चीवरून बघत होती, कारण खाली बायकांना बसायला जागा ठेवलेली नव्हती. औंदा यात्रा कमिटीच्या बैठकीत मी हा विषय काढतो. तुम्ही या, त्या दिवशी वहिनीला आणि तुम्हाला हौद्याच्या कडेला बसवायची जबाबदारी माझी.