‘संशयित आरोपी’ की नुसता ‘आरोपी’?

खाडीकाठ:
रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या बातम्यांत ‘संशयित आरोपी’ ही जोडी सर्रास दिसते. मथळ्यात तोच माणूस ‘सराईत गुन्हेगार’ झालेला असतो. कोणतं कधी लिहायचं?

कोर्टाची पायरी:
फिर्यादीत नाव नाही, पोलिसांना नुसता वहीम आहे, तोवर संशयित. नाव आलं किंवा अटक झाली की आरोपी. गुन्हेगार निकालानंतर, तोही दोषी ठरला तर. ‘संशयित आरोपी’ म्हणजे दुहेरी गाठ. बिघडत काही नाही, पण उपयोगही नाही. ‘सराईत’ मात्र जपून. मागचे गुन्हे नुसते दाखल आहेत की शाबीत झालेत, हे विचारल्याशिवाय तो शब्द उचलू नये.

शेखाडीचंच बघा. १९९३च्या मुंबई स्फोटांसाठीचं आरडीएक्स श्रीवर्धन तालुक्यातल्या या किनाऱ्यावर उतरलं. १२३ आरोपींचा निकाल २००६पासून लागत गेला: १०० दोषी, २३ निर्दोष. इतकी वर्षं सरसकट ‘गुन्हेगार’ लिहिणारा २३ जणांच्या बाबतीत चुकला.

नारळीपोफळी:
काहीजण ‘आरोपित’चा आग्रह धरतात. पण दोष असलेला तो दोषी, तसा आरोप असलेला तो आरोपी, प्रत्यय तोच. घात करतो तो ‘गुन्ह्याची कबुली दिली’ हा शब्दप्रयोग.

कोर्टाची पायरी:
अगदी. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. आधी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. सांगितलेल्या जागी कोयता सापडला, तर सांगण्यातला तेवढाच भाग चालतो. वाचणाऱ्याला मात्र वाटतं, खटला संपलाच.

फोटोचंही तेच. चेहरा छापला की ओळखपरेड पाण्यात. बचावाचा वकील साक्षीदाराला विचारणारच, ‘फोटो आधी पाहिला होता का?’ पोलीस बुरखा घालून आणतात ते यासाठी, कोणाची अब्रू राखायला नव्हे.

सुरूबन:
‘जेरबंद’ हा मुळात घोड्याच्या साजातला पट्टा, त्याने मान वर उडवू नये म्हणून. ‘मुसक्या’ म्हणजे दंड पाठीमागे करकचून बांधणं. ‘अटक’ या शब्दात काय कमी आहे?

आणि आमच्याकडची खास चूक: पीडितेचं नाव गाळायचं, पण ‘अमुक वाडीतील दुकानदाराची पुतणी’ लिहायचं. तीन वाड्यांच्या गावात हे नाव छापल्यासारखंच. लैंगिक गुन्ह्यांत ओळख पटेल असं काहीही छापणं न्याय संहितेच्या कलम ७२खाली गुन्हा आहे, २ वर्षांपर्यंत कैद.

खाडीकाठ:
मग मथळा असा चालेल? ‘बंदरावरील खूनप्रकरणी आरोपी अखेर अटकेत’

नारळीपोफळी:
‘अखेर’ काढा. हाच तो होता, आता सापडला, असं त्यातून ऐकू येतं.