रोममध्ये शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही

रोममध्ये शाकाहाऱ्यांना मार्गारिटा पिझ्झावरच दिवस काढावे लागतात, असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं. छे हो! आम्ही मार्चमध्ये गेलो होतो, म्हणजे आर्टिचोक या कमळाच्या कळीसारख्या दिसणाऱ्या भाजीच्या ऐन हंगामात. जुन्या ज्यू वस्तीत ‘कार्चोफी आला जुदिया’ मागा. अख्खा आर्टिचोक तेलात दोनदा तळतात. पाकळ्या फुलासारख्या उघडतात आणि कडा कांदाभजीसारख्या कुरकुरीत होतात. आईने देठसुद्धा सोडला नाही.

दुपारी ‘पिझ्झा आल ताल्यो’. केवढा हवा ते हाताने दाखवायचं, कात्रीने कापून वजनावर देतात. बटाटा-रोझमेरीचा घ्याच. मात्र काचो ए पेपे हा चीज-मिरीचा पास्ता शाकाहारी समजून मागवताना एक लक्षात ठेवा, त्यातल्या पेकोरिनो रोमानो चीजसाठी कोकराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) वापरतात. आम्हाला हे खाऊन झाल्यावर कळलं, आईला अजून सांगितलेलं नाही.

ज्यू वस्तीतून पँथिऑन हे प्राचीन रोमन मंदिर पायी पंधरा मिनिटांवर. जुलै २०२३ पासून तिकीट लागतं, त्यामुळे आयत्या वेळी रांगेत उभं राहू नका. पाणी विकत घेऊ नका, रस्त्यावरच्या ‘नासोनी’ नळांचं थंडगार असतं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं, आमच्या लेकाचा निम्मा वेळ त्यातच गेला.