ग्राहकांना ई-मेल सकाळी पाठवावा की रात्री?

बेदाणेवाला, पंचवटी
नमस्कार. आम्ही बेदाणे आणि काळे मनुके थेट घरगुती ग्राहकांना विकतो. यादीत सुमारे ६,००० पत्ते आहेत. बहुतेक नाशिक, पुणे आणि मुंबईचे, थोडे दुबईचे. मंगळवारी सकाळी दहाला पाठवलेल्या ई-मेलचा ओपन रेट (किती टक्के लोकांनी ई-मेल उघडला ते प्रमाण) रविवारी रात्री नऊच्या ई-मेलपेक्षा चांगला दिसला, ऑर्डरी मात्र रविवारच्या ई-मेलवर अधिक आल्या. त्या रविवारी दिवाळीच्या फराळासाठी सवलत जाहीर केली होती, हेही सांगायला हवे. ‘मंगळवार ते गुरुवार, सकाळी दहा’ हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. तो आमच्यासारख्यांना लागू पडतो का, आणि वेळेचा परिणाम तपासायचा कसा?

मोहीमवाला, गंगापूर रोड
ओपन रेट आधी बाजूला ठेवा. ई-मेलमधले चित्र उतरले की तो उघडला, अशी नोंद होते. ॲपलने २०२१ मध्ये आयफोनच्या आयओएस १५ सोबत मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन आणले. ते चालू असलेल्या ग्राहकाच्या ई-मेलमधली चित्रे ॲपलचे सर्व्हर परस्पर उतरवून घेतात, त्यामुळे ग्राहकाने ई-मेलकडे ढुंकूनही पाहिले नसले तरी तो उघडल्याची नोंद होते आणि नोंदीतली वेळही ग्राहकाची नसते. क्लिक त्याहून बरे, पण कंपन्यांच्या सुरक्षा यंत्रणा ई-मेल येताच त्यातल्या लिंक स्वतः उघडून तपासतात आणि तेही क्लिक म्हणून मोजले जाऊ शकते, हे विसरू नका. तुमच्यासाठी खरा आकडा ऑर्डरींचाच.

दुसरे म्हणजे, तुमच्या तुलनेत वार, तास आणि सवलत अशा तिन्ही गोष्टी बदलल्या आहेत, त्यामुळे श्रेय कशाला द्यायचे ते ठरवता येत नाही. यादीचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन भाग करा. नोंदणीच्या तारखेनुसार करू नका, नाहीतर जुने, नेहमी खरेदी करणारे ग्राहक एकाच भागात जमतील. एकाच दिवशी तोच मजकूर, तोच विषय ठेवून एका भागाला सकाळी आणि दुसऱ्याला रात्री पाठवा, आणि प्रत्येक भागाच्या ऑर्डरी पाठवल्यापासून ७२ तास मोजा. ३,००० जणांच्या एका भागातून ६० आणि दुसऱ्यातून ७५ ऑर्डरी आल्या, तर एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. म्हणून भागांची अदलाबदल करत काही फेऱ्या घ्या आणि मग बेरीज पाहा.

टूलवाला, सातपूर
वरचे सगळे मान्य आहे, पण छोट्या विक्रेत्याने प्रयोगाआधी स्वतःच्या साइटवर आलेल्या ऑर्डरींच्या वेळा पाहाव्यात, असे माझे मत आहे. त्या फुकट हाताशी असतात. मी सातपूर-अंबडच्या वर्कशॉपना कटिंग टूल्स विकतो. तिथला पर्चेसचा माणूस सकाळी स्टोअरमधून आलेल्या मागण्या निपटण्यात गुंतलेला असतो आणि कोटेशन मागवायला बसतो ते जेवणाच्या सुट्टीनंतर, त्यामुळे माझा ई-मेल दुपारी अडीचच्या सुमारास जातो. बेदाण्यांची ऑर्डर देणारी व्यक्ती वेगळी आणि तिची सवडही वेगळी. ‘सकाळी दहा’चा सल्ला प्रामुख्याने कार्यालयीन वाचकांना गृहीत धरतो, आणि सगळ्यांनीच तो पाळल्यामुळे त्या तासाला इनबॉक्समध्ये गर्दी होते ती वेगळीच.

सर्व्हरकाका, इंदिरानगर
दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, म्हणजे आपले रात्रीचे नऊ तिथे साडेसात. त्यांच्यासाठी निराळी यादी करायची गरज मला वाटत नाही.

वेळेपेक्षा आधी ई-मेल पोहोचतो का ते पाहा. जीमेलच्या वैयक्तिक पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या वर ई-मेल पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ पासून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (ई-मेल खरोखर तुमच्याच डोमेनवरून आला हे पडताळण्याच्या पद्धती) लावणे, तसेच जाहिरातीच्या ई-मेलमध्ये एका क्लिकवर यादीतून बाहेर पडण्याची सोय देणे बंधनकारक आहे, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. तुमची यादी त्या मर्यादेच्या आसपास आहे, तेव्हा हे आत्ताच करून घ्या. ई-मेल स्पॅममध्ये पडत असेल, तर सकाळ काय आणि रात्र काय!

बेदाणेवाला, पंचवटी
सर्वांचे आभार. ऑर्डरींच्या वेळा आजच काढून पाहतो. एक शंका उरते: रात्रीच्या ऑर्डरी दुसऱ्या दिवशी दुपारच्या कुरिअरआधी पॅक होतात, पण रविवारी कुरिअर येत नाही. मग चाचणीसाठी शनिवार टाळावा का?

मोहीमवाला, गंगापूर रोड
टाळाच. पार्सल केव्हा मिळेल याचा अंदाज बदलला की ऑर्डरीही बदलतात, आणि मग ते वेळेच्या खात्यावर जमा होईल. बुधवार घ्या.