हायड्रिलाच्या पानात पेशीद्रव्य फिरताना दिसत नाही

अकरावी_नागपूर:
प्रात्यक्षिकासाठी सीताबर्डीच्या दुकानातून हायड्रिला ही पाणवनस्पती आणली. उकाड्यात सडू नये म्हणून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली. ४०च्या भिंगाखाली हरितलवकं स्पष्ट दिसतात, पण कुणीच पुढे सरकत नाही. काही जागीच थरथरतात, तेच पेशीद्रव्याचं वहन (फिरणं) का?

सूक्ष्मदर्शी:
नाही. ती थरथर म्हणजे ब्राउनियन हालचाल, मेलेल्या पेशीतही दिसते. खरं वहन एका दिशेनं होतं: लवकं भित्तिकेला लागून एका बाजूनं वर जातात, दुसऱ्या बाजूनं खाली येतात. मधली जागा रिक्तिकेनं (रसानं भरलेल्या पिशवीनं) व्यापलेली असल्यामुळे पेशीद्रव्याला कडेचा पातळ थरच उरतो.

तुमचा घोळ फ्रिजचा आहे. अ‍ॅक्टिनच्या प्रथिन-तंतूंवरून मायोसिन या दुसऱ्या प्रथिनाचे रेणू एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून चालतात, लवकांसारख्या अंगकांना ओढतात आणि भोवतीचा द्रवही त्यांच्यासोबत ओढला जातो. थंडीत हे काम मंदावतं. डहाळी साध्या पाण्यात तासभर ठेवा, त्यातली १५-२० मिनिटं दिव्याच्या उजेडात.

प्रयोगशाळा_ताई:
पानही नीट निवडा. शेंड्याजवळचं कोवळं पान बुडाशी चिमट्यात धरून तोडा आणि अख्खंच ठेवा. ते दोनच पेशी जाड असतं, काप घ्यायची गरज नाही. मध्यशिरेजवळच्या लांबट पेशी बघा. कव्हरस्लिप अजिबात दाबू नका.

पाणी हायड्रिला ज्यात होती तेच घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी चांगलंच तापतं, ते थेट नको. स्लाइडवरचं पाणी आटू देऊ नका, कडेनं ड्रॉपरनं थेंब सोडत राहा. क्षार फार वाढले तर पेशीद्रव्य आकसून भित्तिकेपासून सुटतं, मग वहन विसरा.

अकरावी_नागपूर:
तासाभरानं फिरायला लागली! धन्यवाद ताई, सर. पण पेशीला हा खटाटोप कशाला? विसरण, म्हणजे रेणूंचं आपोआप पसरणं, पुरत नाही?

सूक्ष्मदर्शी:
अंतरावर अवलंबून आहे. विसरणाचा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पाण्यात साखरेच्या रेणूला ०.१ मिमी जायला साधारण १० सेकंद लागतात, १ सेंमीला मात्र दिवसाहून जास्त. पेशीद्रव्यात प्रथिनांची दाटी, तिथं आणखी उशीर. कारा शेवाळाची एकेक पेशी कित्येक सेंमी लांब असते. बोनाव्हेन्तुरा कोर्ती यांनी १७७४ मध्ये हे वहन तिच्यातच नोंदवलं. तिथला वेग सेकंदाला ७० मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे तोच १ सेंमी अडीच मिनिटांत. हायड्रिलाच्या छोट्या पेशीत विसरणानंही बरंच भागतं, तेव्हा जर्नलमध्ये सगळं श्रेय वहनाला देऊ नका.