मदत हवी आहे: लस दिलेली असूनही डुकरं मरताहेत

नमस्कार मंडळी. उदगीर तालुक्यात माझं छोटं वराहपालन आहे, 34 जनावरं, सगळी पांढरी यॉर्कशायर. सोमवारी एका मादीनं खाणं सोडलं, ताप 106 भरला. मंगळवारी सकाळी मेली. काल आणखी दोन गेली. कानाची टोकं आणि पोटाखालची कातडी शाई सांडल्यागत जांभळी झालेली.

डोकं चालेना ते यामुळं, की दिवाळीनंतर सगळ्यांना स्वाइन फिव्हरची (डुकरांच्या जीवघेण्या तापाची) लस टोचून घेतली होती. मग हे काय? खाद्य म्हणाल तर मक्याचा भरडा आणि हॉटेलचं खरकटं. गावात 'स्वाइन फ्लू आलाय' अशी हूल उठलीय. एक व्यापारी उरलेली 31 आजच अर्ध्या भावात उचलतो म्हणतोय. देऊन टाकू का?

प्रतिसाद १
दादा, एकही देऊ नका. तुम्ही दिली ती लस क्लासिकल स्वाइन फिव्हरची. हा आफ्रिकन स्वाइन फिव्हर असू शकतो; त्याचा विषाणूच निराळा, 2020 साली आसाम-अरुणाचलात देशात पहिल्यांदा सापडला, आणि आपल्याकडं त्यावर लस मिळत नाही. दोन्हींची लक्षणं इतकी सारखी की नुसतं बघून मुरलेल्या डॉक्टरलाही सांगता येत नाही, रक्तात कुठला विषाणू आहे ते ओळखणारी पीसीआर तपासणीच लागते. आत्ता 1962 या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन लावा, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. जनावरांच्या साथीच्या रोगांबद्दलच्या 2009 च्या कायद्यानं कळवणं बंधनकारकही आहे. आफ्रिकन निघाला तर 1 किलोमीटरच्या आतली डुकरं मारावी लागतात, त्याची सरकारी भरपाई असते. व्यापाऱ्याच्या टेम्पोतून मात्र रोग दहा गावं फिरेल. आणि हा माणसाला होत नाही, फ्लूशी संबंध नाही, हे गावात ठणकावून सांगा.

प्रतिसाद २
मला त्या खरकट्याचा संशय येतोय. त्यात डुकराच्या मांसाचा एखादा कच्चा तुकडा असला तरी पुरे, गोठवलेल्या मांसात हा विषाणू कित्येक महिने टिकतो. द्यायचंच तर चांगलं तासभर उकळून, ढवळत. खरं तर बंदच करा. शेडचे गमबूट शेडलाच ठेवा, कामाचा गडी दुसऱ्याच्या डुकरांकडं जाऊ देऊ नका. मेलेलं फाडून बघायचा मोह टाळा, रक्तातच विषाणू भरलेला असतो.

मूळ धागाकर्ता
व्यापाऱ्याला नाही म्हटलं, चार शब्द ऐकवून गेला. डॉक्टर सकाळी नमुने घ्यायला येतायत. आज ताप मोजले, आणखी दोघांना 105. मेलेली दोन ताडपत्रीखाली झाकलीत, कुत्री घिरट्या घालतायत. रात्रीच पुरू का?

प्रतिसाद १
नमुने झाल्याशिवाय नको. खड्डा मात्र आजच खणून घ्या, खोल, विहिरीपासून लांब, आणि चुन्याची पोती आणून ठेवा. रात्री ताडपत्रीजवळ कुणीतरी बसा.