थंडीत खोबरेल घट्ट, शेंगदाणा तेल मात्र पातळ. असं का?

नाशिककर:
डिसेंबरात खोबरेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय थेंब बाहेर येत नाही. त्याच ओट्यावर शेंगदाणा तेल मजेत वाहतंय. दोन्ही तेलंच ना? सासूबाईंच्या मते गोठतं तेच अस्सल. आणि गोठल्यावर मधोमध खड्डा का पडतो? लेक नववीत आहे, ती म्हणाली "असंपृक्त". पुढे तिलाही सांगता येईना.

निवृत्त मास्तर, कुडाळ:
लेकीचं बरोबर आहे, फक्त अर्ध्यावर थांबली. तेलाच्या रेणूत कार्बनच्या लांब साखळ्या असतात. त्यांच्यात पाण्यासारखे हायड्रोजन बंध, म्हणजे रेणूरेणूंमधली जरा घट्ट पकड, नाहीत. त्यांना एकत्र धरतं ते लंडन बल. एका रेणूतले इलेक्ट्रॉन क्षणभर एका बाजूला सरकतात, शेजारच्यातले त्याला साथ देतात आणि दोघे जवळ ओढले जातात. फार दुबळी ओढ, अंतर जरा वाढलं की संपलीच. म्हणून साखळ्या किती चिकटून बसतात यावर सारं ठरतं. संपृक्त साखळ्या, म्हणजे ज्यांत दोन कार्बनना दुहेरी जोडणारा द्विबंध नसतो त्या, सरळ, काडेपेटीतल्या काड्यांसारख्या रचल्या जातात. द्विबंध असला की असंपृक्त. खोबरेलात 90 टक्क्यांच्या आसपास संपृक्त मेदाम्लं (या साखळ्यांचंच नाव), म्हणून ते 24-25 अंशांखाली घट्ट होतं. शेंगदाणा तेलात ओलिक आणि लिनोलिक ही असंपृक्त मेदाम्लं जास्त. त्यांच्या साखळीला द्विबंधापाशी बाक असतो, आणि बाक आला की फट आलीच.

माझा लाडका पुरावा देतो. स्टिअरिक आणि ओलिक, दोन्ही आम्लांत कार्बन 18. फरक एका द्विबंधाचा. स्टिअरिक वितळतं 69 अंशांना, ओलिक साधारण 13 ला! तोच द्विबंध ट्रान्स प्रकारचा झाला, म्हणजे साखळीचे दोन भाग त्याच्या विरुद्ध बाजूंना गेले, तर बाक जवळजवळ जातो आणि द्रवणांक 45 च्या घरात चढतो. वनस्पती तूप घट्ट व्हायचं त्यात अशा ट्रान्स मेदाचाही हात होता.

खड्ड्याचं सोपं आहे. गोठताना रेणू जवळ येतात, आकारमान घटतं. कडा आधी गोठतात, तूट मध्ये दिसते. उलटं वागतं ते पाणी. हायड्रोजन बंध बर्फात पोकळ जाळी करतात, म्हणून ते सुमारे 9 टक्के फुगतं.

घाणेवाला:
सासूबाईंचा नियम दोन्ही बाजूंनी गळका आहे, ताई. पाम कर्नेल, म्हणजे पामच्या बियांतल्या गराचं तेलही खोबरेलासारखं मुख्यतः लॉरिक या संपृक्त आम्लाचंच, ते मिसळलं तरी खोबरेल छान गोठतं. आणि घट्ट होणारा भाग काढून टाकलेलं खोबरेल बाजारात मिळतं, ते भेसळीचं नसूनही पातळ राहतं. लेबल वाचा. आमच्या घाण्यावर रोज एक तरी गिऱ्हाईक हेच विचारतं.

नाशिककर:
हे सासूबाईंना तुम्हीच सांगा. मग उन्हाळ्यातही गोठलेलं राहील असं तेल असतं का?

निवृत्त मास्तर, कुडाळ:
असतं की! कोकमाच्या बियांचं, आमच्याकडचं भिरंडेल. निम्म्याहून जास्त स्टिअरिक, त्यामुळे मे महिन्यातही हातात गोळाच येतो. भेगाळलेल्या टाचांना लावायचं तर आधी पळीत गरम करून घ्या.